अनुभव लिहा: माणूस कळायच्या आधीच आपण त्याला काय ठरवून बसलो?

धुळे (धागा माझाच): पुण्याला हॉस्टेलवर मी आईशी फोनवर अहिराणीत बोलत होते. रूममेट म्हणाली, "भांडतेस का गं?" तेव्हापासून आईचा फोन आला की मी गच्चीवर. हा किस्सा मी सगळ्यांना ऐकवते. पुढचा ऐकवत नाही. दुसऱ्या वर्षी नवापूरची मुलगी आली, घरी मावची बोलायची. "ही कसली गं भाषा?" असं हसत विचारणारी मीच होते. तुमचंही लिहा. शक्यतो चूक आपली होती असंच.

धडगाव, शिक्षक: आश्रमशाळेत पहिल्याच महिन्यात एका पोराला मी मठ्ठ ठरवलं. काही विचारलं की खाली मान. घरी पावरी, वर्गात माझी मराठी, हे माहीत होतं, तरी डोक्यात शिरलं नाही. बाजाराच्या दिवशी तोच आमचूर घेऊन बसलेला. पावणेतीन किलोचा हिशोब तोंडी. व्यापाऱ्याने वीस रुपये कमी टेकवले तर त्याचा हातच धरला. मी पिशवी घेऊन मागे उभा.

चोपडा: आमच्याकडे स्थळ आलं की पहिला प्रश्न, "गाव कोणतं?" गाव कळलं की पोरगी पाहायची गरजच उरत नाही.

रावेर, केळीवाला: मोटारीची केबल गेली. मळ्याच्या कडेला पारध्यांची दोन पालं होती. पोलिसांत गेलो नाही, पण राखणदाराला म्हटलं, "यांना हलव." हलले बिचारे. आठ दिवसांनी पुतण्या म्हणतो, "काका, केबल मीच नेली होती, जोड मारायला." इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली. १९५२ साली तो शिक्का सरकारी कागदावरून पुसला गेला. माझ्या मळ्यात काही पुसला नव्हता.

भुसावळ, रेल्वे: मला उशीर झाला की पॅसेंजर लेट होती. सोबतवाल्याला उशीर झाला की तो आळशी. ली रॉस या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली या खोडीला 'फंडामेंटल ॲट्रिब्यूशन एरर' असं भारदस्त नाव दिलंय. आम्ही दोघं एकाच पॅसेंजरने येतो.

धुळे: रावेरवाले भाऊ, ती माणसं परत भेटली का?

रावेर: नाही ताई. यावलच्या रस्त्याला दोन पालं दिसली, गाडी थांबवली. तीच की दुसरी, सांगता येईना. तोंडं मी कधी पाहिलीच नव्हती.