पाच कमानींचा दगडी पूल: दगडांमधल्या फटी भरून भागेल का?

नदीपलीकडची
सातारा जिल्ह्यातलं आमचं लहानसं गाव. बाजारपेठ एका काठाला, हायस्कूल दुसऱ्या काठाला, मध्ये इंग्रजांच्या काळातला पाच कमानींचा काळ्या दगडाचा पूल. मधल्या कमानीच्या बगलेत पिंपळ वाढलाय आणि शाळेच्या बाजूला कठड्याखालची भिंत फुगून बाहेर आलीय. हंगामात उसाचे दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रंदिवस इथूनच जातात. आता दुरुस्ती मंजूर झाली. त्यात पिंपळ तोडणे, सिमेंटने दर्जा म्हणजे दगडांमधल्या फटी भरणे, डांबराचा नवा थर आणि कठड्याला रंग एवढंच आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं या पुलावरून चालत येतात. एवढ्यावर पूल टिकेल का? ग्रामसभेत काय विचारू?

जुना ओव्हरसिअर
ताई, आधी पाया विचारा. पुलांच्या कामावर माझी नोकरी गेली, म्हणून कळकळीने सांगतो. दगडी कमान वरच्या वजनाने सहसा पडत नाही, तिच्या खांबाखालची जमीन पुरात वाहून जाते तेव्हा पडते. पूर जोरात असताना खांबाच्या बुडाशी खड्डा पडतो आणि ओसरताना त्यातच गाळ बसतो. म्हणून उन्हाळ्यात बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं. वाळूच्या पोत्यांचा बांध घालून पाणी वळवायचं, गाळ उपसायचा आणि प्रत्येक खांबाचं बूड डोळ्यांनी बघायचं. खालच्या अंगाला वाळूउपसा झाला असेल तर नदीचा तळच खाली गेलेला असतो, तेही तपासायला लावा.

फुगलेल्या भिंतीचं कारण बहुधा पाणी. कमानीवर मुरूम-मातीचा भराव असतो. पाणी बाहेर जायची भोकं डांबराखाली बुजली की भराव भिजतो आणि भिंतीला बाहेर ढकलतो. नव्या थराने भोकं आणखी बुजतील, शिवाय वजन वाढेल. जुने थर खरवडून काढा, भोकं मोकळी करा, मगच वरचं काम. फुगलेला भाग उतरवून दगडांना नंबर घालून परत रचावा लागेल.

पिंपळ नुसता तोडला तर पुढच्या पावसाळ्यात फुटतो. मुळं जिथवर गेली तिथवरचे दगड सोडवून मुळं काढायची आणि दगड परत बसवायचे. जुनं काम चुन्याचं असेल तर दर्जाही चुन्यानेच भरा. चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट तिला आत कोंडतं आणि स्वतः तडकून सुटतं. चुन्याचे कारागीर शोधावे लागतात, पण वाडे-मंदिरांच्या दुरुस्तीवर ते आजही आहेत.

महाडकर
ओव्हरसिअर काकांचं पहिलं वाक्य कागदावर लिहून न्या. आमचा महाडचा सावित्री नदीवरचा पूल १९२८ सालचा, दगडी कमानींचाच. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला, एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी होऊन धोका नसल्याचं सांगितलं गेलं होतं. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहिला, ५ जून २०१७ ला खुलाही झाला. म्हणजे ठरवलं तर काम होतं. पाहणी झाली असं कुणी म्हटलं, तर पाण्याखाली कोण उतरलं होतं ते विचारा. आणि पाणी किती चढलं की पूल बंद करायचा, ती खूण खांबावर रंगवून घ्या.

नदीपलीकडची
खूप आभार. अंदाजपत्रकाची प्रत मागते. पण काका, पाया तपासून काम सुरू होईपर्यंत ऊस सुरू होईल. वाहतूक बंद करा म्हटलं तर अर्धा गाव माझ्यावर उठेल, आमचाही ऊस त्यातच आहे.

जुना ओव्हरसिअर
सरसकट बंद मागू नका. एका वेळी एकच ट्रॅक्टर, एकच ट्रॉली, तीही रस्त्याच्या मधोमध आणि सावकाश, म्हणजे फुगलेल्या भिंतीवर दाब कमी येईल. कारखान्याच्या गट ऑफिसला हंगामाआधी लेखी कळवा, ऊसतोडीच्या टोळ्यांना तेच सांगतात. आणि भिंतीच्या फुगवट्यावर आजच ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन) लावून माप घ्या, तारीख घालून फोटो काढा. महिन्याभराने परत मोजा. माप वाढलं असेल तर मात्र ट्रॉली नाही, एसटी नाही, काहीच नाही. मुलांनाही दुसऱ्या वाटेने आणा.