रिद्धपूरची महदाइसा विसरलात की

कोणीतरी लिहिलं आहे की मुक्ताबाई, जनाबाई सगळ्या तिकडच्या, आपल्या विदर्भात श्रद्धेच्या वाटेवर जिच्याकडे बघावं अशी बाईच नाही. पटलं नाही. मराठीतली आद्य कवयित्री मानली जाते ती महदाइसा. तेराव्या शतकात, मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या लग्नसोहळ्यात तिनं धवळे, म्हणजे लग्नातली गाणी, गायले. विषय रुक्मिणीहरणाचा, आणि रुक्मिणीचं माहेर कौंडण्यपूर, म्हणजे आपलंच वर्धेकाठचं! शिवाय ती नुसती गाणारी नव्हती. महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी, त्यांना सतत प्रश्न विचारणारी शिष्या म्हणून ती लीळाचरित्रात, म्हणजे त्यांच्या आठवणींच्या ग्रंथात, भेटते, आणि मला तीच जास्त आवडते.

माझी आजी महानुभाव. शाळा दुसरीपर्यंत, जन्म गेला कापूस वेचण्यात. मी पहिल्यांदा बाजूला बसले तेव्हा शेजारच्या काकूंनी देवघराकडं फिरकू नको म्हणून बजावलं. आजी म्हणाली, "नाकातून शेंबूड येते तसंच हे बी हाय बाई, याचा कायचा इटाय? जाय, दंडवत घाल." चक्रधरांनी विटाळ मानला नाही, नाकाच्या शेंबडाचा हा दाखला मुळात त्यांचाच, हे मला कॉलेजात कळलं. आजीनं पोथी वाचली नव्हती, ऐकली होती फक्त. काकू मात्र पुढं दोन महिने आमच्याकडं चहाला आल्या नाहीत.