आधी कळस, मग पाया: मँचेस्टर युनायटेडची २०२५ च्या उन्हाळ्यातली खरेदी

लालबुंद

ट्रान्सफर विंडो, म्हणजे खेळाडू खरेदी-विक्रीची मुदत, बंद झाली. कुन्हा, एम्बूमो, शेश्को असे तीन फॉरवर्ड आले, तिघांवर मिळून २० कोटी पौंडांच्या आसपास खर्च. अगदी शेवटच्या दिवशी अँटवर्पहून लामेन्स हा गोलकीपर आणला, तोही आर्सेनलविरुद्ध कॉर्नरवर घरच्या मैदानात गोल खाऊन झाल्यावर. वरातीमागून घोडं. आणि मिडफिल्डर? एकही नाही.

गेला मोसम आठवून बघा. १५ वा नंबर, ४२ गुण, ३८ पैकी १८ हार. बिलबाओमध्ये युरोपा लीगची फायनलही टॉटनमला देऊन आलो, म्हणून यंदा युरोपात कुठेच नाही. त्या मोसमात ज्याला ज्याला डोळे होते त्याला दिसलं की चेंडू हरवल्यावर आपल्या मधल्या फळीतून कुणीही आरामात चालत जातं. तरी मधे तेच चौघे: ब्रुनो, कासेमिरो, उगार्ते, मेनू. मॅनेजर अमोरिमच्या ३-४-३ मध्ये मधल्या चौघांतले दोघे कडेला असतात, म्हणून मधे दोघेच उभे राहतात. ब्रुनो पुढे सरकला की ३३ वर्षांचा कासेमिरो अख्खं मैदान एकटा सांभाळतो. ब्रुनो मागे थांबला तर पुढच्या तिघांना चेंडू द्यायला कुणी उरत नाही. समोरच्या संघानं तिसरा माणूस मधे आणला की संपलं. फुलहॅमनं तेच केलं, आणि चौथ्या श्रेणीतल्या ग्रिम्सबीनंही पूर्वार्धातच दोन गोल चढवले.

हे या एका उन्हाळ्याचं रडगाणं नाही. २०१३ मध्ये मॅनेजर फर्ग्युसन आणि क्लबचा मुख्य कार्यकारी डेव्हिड गिल एकदमच गेले, तेव्हापासून मधल्या फळीची खरेदी बघा. फर्ग्युसननंतर आलेल्या मॉयसनं आपला एव्हर्टनचा फेलायनी मागितला. त्याच्या करारातलं ठरलेल्या रकमेत सोडवण्याचं कलम जुलैअखेर संपलं, आपण शेवटच्या दिवशी जागे झालो आणि जास्तीचे पैसे मोजून २.७५ कोटींना त्याला घेतलं. पोग्बाला २०१२ मध्ये जवळपास फुकट जाऊ दिलं, २०१६ मध्ये ८.९ कोटींचा जागतिक विक्रम करून परत आणलं, आणि २०२२ मध्ये पुन्हा फुकट सोडलं. एकाच खेळाडूवर दोनदा पाणी! व्हॅन डी बीकला साडेतीन कोटींना आणून बाकावर बसवलं.

पण कळस म्हणजे २०२२ चा उन्हाळा. तेव्हाचा मॅनेजर टेन हाग, त्याला हवा होता बार्सिलोनाचा मिडफिल्डर फ्रेंकी डी याँग. जून गेला, जुलै गेला. बार्सिलोना विकायला तयार, खेळाडू मात्र यायला तयार नाही, हे शेंबड्या पोरालाही दिसत होतं. आपण अडून राहिलो. मधेच अर्नाउटोविच या स्ट्रायकरसाठी बोली लावली, चाहते भडकल्यावर मागे घेतली. मग ब्रेंटफर्डनं ४-० असं धुतलं आणि घाबरगुंडी उडाल्यावर दहा दिवसांच्या आत तिशीतल्या कासेमिरोवर ६ कोटी. कासेमिरो वाईट नव्हता, पहिल्या वर्षी तर त्यानंच तारलं. पण डी याँग हा चेंडू घेऊन पुढे सरकणारा आणि कासेमिरो तो हिसकावणारा. एक हवा होता म्हणून दुसरा आणतात का कधी?

माझं म्हणणं एवढंच आहे. हा क्लब संघ बांधत नाही, आहे त्या मॅनेजरची हौस भागवतो. मॅनेजर जातो, हौस पगारपत्रकावर राहते. नवा गडी, नवं राज्य.

डावा_बॅक

लालबुंद, लेख झकास, निष्कर्ष चुकीचा.

गेल्या मोसमात आपण लीगमध्ये ४४ गोल केले. खाली घसरलेले तीन संघ आणि एव्हर्टन सोडले तर आपल्याहून कमी कुणीच नाही. होयलुंडचे ४, झिर्कझीचे ३. अहो, ही स्ट्रायकरांची आकडेवारी आहे! त्याच मोसमात एम्बूमोनं ब्रेंटफर्डसाठी २० आणि कुन्हानं वुल्व्ह्जसाठी १५ गोल केले. दोघांनी याच लीगमध्ये, आपल्याहून कमी पैशाच्या संघात. यापेक्षा शहाणी खरेदी या क्लबनं कधी केली ते सांगा. पैसा एकाच ठिकाणी लावता येणार असेल तर तो गोलांवर लावायचा. मिडफिल्डर आला असता आणि पुढे होयलुंडच असता, तर हाच धागा तुम्ही ‘स्ट्रायकर का नाही’ म्हणून काढला असता.

ग्रिम्सबीचा_मासा

पेनल्टींवर १२-११ नं हरलात. बाकी मला काही म्हणायचं नाही.

आकडेमोडे

दोघंही पैशाबद्दल बोलताय, पण पैसा हिशेबात कसा बसतो ते कुणी बोलत नाही. थोडं रटाळ होईल, सहन करा.

६ कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर वहीत दरवर्षी १.२ कोटी खर्च पडतो. पण तो मधेच विकायचा तर उरलेली रक्कम तरी मिळायला हवी, नाहीतर तोटा दाखवावा लागतो. अँटनी घ्या. २०२२ मध्ये ८ कोटींवर मोजले, करार पाच वर्षांचा. तीन वर्षांनी वहीत त्याची किंमत सव्वातीन कोटींच्या आसपास उरली. बेटिसनं दिले मूळ किमतीच्या जेमतेम पाव भाग. म्हणून सँचो, रॅशफर्ड, होयलुंड यांना लोनवर, म्हणजे दुसऱ्या क्लबला उसने, पाठवण्याचा घोळ होतो. विकायला गिऱ्हाईक नाही आणि ठेवायला जागा नाही.

उलट अकादमीतल्या पोराची वहीतली किंमत शून्य. मॅकटॉमिनेला नापोलीला अडीच कोटींना विकलं, ते सगळे त्याच वर्षीचा नफा. त्याच आठवड्यात उगार्तेवर चार कोटींच्या वर खर्च केले, पण त्या वर्षाच्या वहीत पडले ८०-८५ लाखच. कागदावर फायदा झाला. मैदानावर काय झालं? मॅकटॉमिने इटलीत लीग जिंकून तिथला मोसमातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि उगार्ते आपल्याकडे बाकावरून उठतो-बसतो.

तीन वर्षांत १०.५ कोटींहून जास्त तोटा चालत नाही हा लीगचा २०२५-२६ चा नियम आहे. क्लबचे सहमालक रॅटक्लिफ मार्चमध्ये बीबीसीला सांगून चुकले की यंदाच्या उन्हाळ्यातसुद्धा अँटनी, कासेमिरो, ओनाना, होयलुंड, सँचो यांचे हप्ते भरायचे आहेत. तेव्हा मिडफिल्डर का नाही याचं उत्तर यंदाच्या बैठकीत शोधू नका, २०२१ ते २३ मध्ये शोधा.

लालबुंद

@आकडेमोडे, तुम्ही माझ्याच बाजूनं बोललात, फक्त वही घेऊन.

@डावा_बॅक, एम्बूमो-कुन्हा चांगले आहेत, वाद नाही. पण दोघंही उजव्या-डाव्या आतल्या खोबणीत खेळणारे, म्हणजे अमोरिमच्या दोन दहा नंबरांसाठी, स्ट्रायकरच्या मागच्या दोन जागांसाठी, घेतलेले. उद्या अमोरिम गेला आणि नवा आला ४-३-३ घेऊन, मग? मागच्यानं घेतलेला माउंट अजून जागा शोधतोय. गार्नाचोला विंगर म्हणून वाढवलं, नव्या पद्धतीत विंगरच नाही म्हणून चेल्सीला ४ कोटींना देऊन मोकळे झाले.

आणि मेनूचं काय? २०२४ च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर सिटीविरुद्ध गोल कुणी केले? गार्नाचो आणि मेनू. एक विकला. दुसऱ्यानं, जो त्याच उन्हाळ्यात इंग्लंडकडून युरोची फायनल खेळला, त्यानं लोनवर जाऊ द्या म्हटलं तर नाही म्हणालात. बरं, नाही म्हणालात तर खेळवा की! लीगच्या तीन सामन्यांत एकदाही सुरुवातीच्या अकरात नाही. मिडफिल्डर विकतही घ्यायचा नाही आणि घरचाही खेळवायचा नाही, हे कुठलं गणित?

तीन_चार_तीन

लालबुंद यांचा एक तपशील सोयीस्कर सुटलाय. उगार्ते हा अमोरिमचाच स्पोर्टिंगमधला खेळाडू. म्हणजे ‘मॅनेजर बदलला की खेळाडू निरुपयोगी’ हे इथे लागूच होत नाही. मॅनेजर ओळखीचा, पद्धत ओळखीची, तरी खेळ नाही. याला मी संघबांधणीचा दोष म्हणणार नाही. हा खेळाडू या लीगच्या वेगाला पुरत नाही, इतकं साधं आहे.

आणि पद्धतीला शिव्या देणाऱ्यांनी आर्सेनलची मॅच पुन्हा बघावी. हरलो, पण त्या दिवशी दाब आपला होता, संधी आपल्या होत्या. गोल गेला तो गोलकीपरच्या हातून. तिथे मिडफिल्डर काय करणार होता?

फर्गीटाइम

काय राव, एक बरी मॅच हरलो त्याचं कौतुक किती दिवस पुरवणार? बर्नलीशी घरच्या मैदानावर जेमतेम ३-२ जिंकलो, तेही ९७ व्या मिनिटाच्या पेनल्टीवर. नव्यानंच वर आलेल्या संघाशी. ग्रिम्सबीत तर अमोरिमसाहेब डगआउटमध्ये बसून छोट्या फळ्यावर लोहचुंबकाच्या सोंगट्या सरकवत होते. फोटो बघितला असेल सगळ्यांनी. सोंगट्या सरकवून माणूस वाढत नाही हो, मधे दोघेच राहतात.

एमिरेट्सकर

परक्याला बोलायची मुभा आहे ना? आर्सेनलवाला आहे, पण शेजारधर्म म्हणून लिहितो.

२०२१ चा ऑगस्ट. सलग दोन मोसम आठवा नंबर. नव्या मोसमात पहिले तीन सामने हरलो, ० गोल केले, ९ खाल्ले, तक्त्यात सगळ्यात खाली. त्याच उन्हाळ्यात आम्ही ओडेगार्ड, व्हाइट, रॅम्सडेल, टोमियासू, लोकोंगा, टावारेस असे सहा जण घेतले होते, सगळे २३ किंवा त्याखालचे. तेव्हा आमच्याकडेही असेच धागे निघत होते, पन्नास-पन्नास पानांचे, आणि भाषा यापेक्षा वाईट. व्हाइटला ५ कोटी दिले म्हणून तर आम्हाला वेड्यात काढत होते.

सहापैकी सगळे टिकले नाहीत. लोकोंगा, टावारेस गेले, रॅम्सडेलची जागाही गेली. पण मॅनेजर तोच राहिला, म्हणून जे टिकले ते एकाच खेळासाठी टिकले. आणि राइससाठी १० कोटी मोजले ते २०२३ मध्ये, बाकीची घडी बसल्यावर. मोठा मिडफिल्डर शेवटी आला आमच्याकडे. तेव्हा आधी फॉरवर्ड घेतले यात मला गुन्हा दिसत नाही. गुन्हा तुम्ही दर दोन वर्षांनी करता तो: घडी मोडण्याचा.

डावा_बॅक

ऐका. हे आर्सेनलवाल्याकडून ऐकावं लागतंय, पण ऐका.

लालबुंद

@एमिरेट्सकर, आदरपूर्वक असहमत. राइस येण्याआधी तुमच्याकडे पार्टे होता, झाका होता, पुढे ओडेगार्ड होता. मधली फळी उभी होती, राइस आला तो तिच्यावरचा दर्जा वाढवायला. आमच्याकडे वाढवायला काय आहे?

आणि ‘धीर धरा’ हे फक्त आम्हालाच का सांगता? धीर क्लबला नाही. टेन हागचा करार २०२४ च्या जुलैत वाढवला, ऑक्टोबरमध्ये हाकलला. मधल्या काळात त्याच्या पसंतीचे डी लिग्ट आणि मझरावी घेऊन झाले होते. खास वाट बघून आणलेला स्पोर्टिंग डायरेक्टर ॲशवर्थ जुलैत रुजू झाला, डिसेंबरात गेला. ज्याच्या हातात पाच वर्षांचा नकाशा द्यायचा तो पाच महिनेच राहिला. मग नकाशा कुणाकडे आहे?

जुना_लाल

फर्ग्युसनच्या काळात सगळं मोजून-मापून चालायचं असं नव्या पिढीला वाटतं, म्हणून थोडी धूळ झटकतो. व्हेरॉनवर २००१ मध्ये २.८ कोटी घातले, दोन वर्षांत चेल्सीला दिला. बेबेला फर्ग्युसननं स्वतः खेळताना पाहिलंही नव्हतं, तरी ७० लाखांहून जास्त मोजले. चुका तेव्हाही होत्या.

फरक हा की एका चुकीवर दुसरी चूक रचली जात नव्हती. व्हेरॉन फसला तरी मधे कीन होता, स्कोल्स होता. कीनला १९९३ मध्ये पावणेचार कोटी नव्हे, पावणेचार मिलियनमध्ये घेतलं, म्हणजे आजच्या भाषेत ३७.५ लाख पौंड, आणि तो तेव्हाचा ब्रिटिश विक्रम होता! रॉबसन पस्तिशीच्या पलीकडे गेलेला असताना त्याची जागा घेणारा आधीच दाराशी उभा होता. कासेमिरोनंतर कोण, याचं उत्तर आज कुणाकडेही नाही, आणि हा प्रश्न तो आला त्याच दिवशी पडायला हवा होता.

बाकी २००६ च्या एका जानेवारीत व्हिडिच आणि एव्हरा मिळून सव्वा कोटीत आले. सुरुवातीच्या सामन्यांत दोघांची इतकी भंबेरी उडाली की लोक हसत होते. तेव्हा डावा_बॅक म्हणतात तसं थोडं थांबायलाही हरकत नाही.

आकडेमोडे

एक राहिलं. ब्रायटनचा मिडफिल्डर बलेबा घ्या असं सगळे बोलतायत, पण ब्रायटनला घाई नाही. हा तोच क्लब आहे ज्यानं कैसेदोला ४५ लाखांत घेऊन चेल्सीला १० कोटींना विकला. त्यांच्या दाराशी ऑगस्टमध्ये जायचं नसतं. जायचं तर जूनमध्ये, हातात पैसे घेऊन. जूनमध्ये आपले पैसे पुढच्या फळीत अडकले होते.

डावा_बॅक

म्हणजे जानेवारी.

लालबुंद

जानेवारीत कुणीही आपला पहिला मिडफिल्डर विकत नाही, विकला तर दुप्पट भावानं. तोवर १४ सप्टेंबरला सिटीशी त्यांच्या एतिहाद मैदानावर सामना आहे. माझी मधली जोडी मेनू आणि कासेमिरो, ब्रुनो वर, दोन दहा नंबरांपैकी एक बाहेर. साहेब ब्रुनो-कासेमिरोच खेळवणार, पैज लावा.

तीन_चार_तीन

मेनूला सिटीसमोर दोघांच्या फळीत टाकणार? आणि मग तोही गेला वाहून तर पुढचा धागा कुणाच्या नावानं?