उंदराच्या मेंदूतला उजेड बाबांच्या काय कामाचा?

डोंबिवलीकर:
बाबांना पार्किन्सन्स आहे. दर तीन महिन्यांनी परळच्या ओपीडीत रांग. या आजारात मेंदूतलं डोपामिन, म्हणजे पेशींमधला निरोप्या रसायन, कमी पडतं, आणि लिव्होडोपाच्या गोळीतून ते भरून काढतात. ती अर्धी गोळी वाढवायची की कमी करायची, ते हात किती थरथरतोय ते बघून ठरतं. आणि इकडे २०१८ पासून उंदराच्या मेंदूत डोपामिन सुटलं की हिरवं चमकणारं प्रथिन आहे, 'डीलाइट'. पण ते माणसात आणायचं तर विषाणूवाटे त्या प्रथिनाचं जनुक मेंदूत सोडा, वर उजेड टिपायला कवटीतून काचेचा बारीक तंतू घाला. कोण करून घेईल? मला तर ही उंदरांची दिवाळी वाटते.

पेट्रीडिश:
दिवाळी तर दिवाळी, पण आधी काय होतं ते बघा. मायक्रोडायलिसिसमध्ये, म्हणजे मेंदूत बारीक नळी घालून द्रव काढून तपासण्यात, एकेका नमुन्याला मिनिटं जायची. लोकल सुटल्यावर फलाटावरची गर्दी मोजण्यातला प्रकार. रसायन विजेच्या प्रवाहावरून ओळखणारी कार्बन फायबरची सुई वेगवान, पण डोपामिन आणि त्याच्यासारखंच दुसरं रसायन नॉरअ‍ॅड्रेनॅलिन तिला सारखेच भासतात.
डीलाइटची युक्ती भारी आहे. डोपामिनचाच डी१ रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचं डोपामिन पकडणारं प्रथिन, घेतला, त्याचं पेशीच्या आतलं तिसरं वळण काढून तिथे जेलीफिशचं हिरवं चमकणारं प्रथिन, जीएफपी, बसवलं, तेही त्याची टोकं फिरवून. डोपामिन चिकटलं की रिसेप्टर हलतो, त्याबरोबर जीएफपीही, आणि उजेड वाढतो.

खडूस काका:
उसना रिसेप्टर भरमसाट पेरलात, तर सुटलेलं डोपामिन तोच धरून बसणार. मोजमापानेच मोजायची गोष्ट बदलली! शिवाय उजेड इतके टक्के वाढला एवढंच कळतं, डोपामिन नेमकं किती ते नाही. यापेक्षा १९९७ चं काम मला आवडतं. सुदीप्त मैती, पुढे आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतले. सेरोटोनिन, मेंदूतलं आणखी एक निरोप्या रसायन, स्वतःच चमकतं, ते त्यांनी तीन फोटॉन (प्रकाशाचे कण) एकदम देऊन जिवंत पेशीत टिपलं. कसलंही ठिगळ न लावता.

पेट्रीडिश:
काका, डोपामिनच्या बाबतीत ते इतकं सोपं नाही हो. आणि डोंबिवलीकर, हे सेन्सर डिशमधल्या पेशींतही चालतात. २०२१ चा 'सायकलाइट' सेरोटोनिनच्या २ए रिसेप्टरवर बेतलेला आहे. एखादं नवं रसायन भ्रम घडवेल का, याचा अंदाज त्यावरून येतो. कवटीला हात न लावता.

डोंबिवलीकर:
हे माहीत नव्हतं, मानलं. पण बाबांची गोळी सकाळी आठला असते आणि अकराला हात परत सुरू. त्या तीन तासांत आत काय होतं, ते कोण दाखवणार?

खडूस काका:
सध्या तरी कोणी नाही. वही करा. गोळीची वेळ, हात कधी थांबला, कधी सुरू झाला. पुढच्या ओपीडीला घेऊन जा, डॉक्टर आधी तीच बघतील.