फायबरचा डबा एकच असावा, की मोडेम आणि राउटर वेगवेगळे?

पायवाट
आमच्या पुण्याच्या सदनिकेत फायबरची तार मुख्य दारावरच्या भोकातून आत येते आणि चपलांच्या कपाटावर टांगलेल्या पांढऱ्या डब्यात संपते. तारेतून येणाऱ्या प्रकाशाचे विजेच्या संदेशांत रूपांतर करायचे आणि घरभर वायफायही पसरवायचे, अशी दोन्ही कामे कंपनीने दिलेला हा एकच डबा करतो. पहिल्या कामाचे यंत्र म्हणजे खरे तर ओएनटी, पण आपण सगळे त्याला मोडेमच म्हणतो, म्हणून इथेही तेच म्हणतो. त्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्या कामासाठी मात्र चपलांच्या कपाटाइतकी गैरसोयीची जागा घरात शोधून सापडणार नाही; मध्ये स्वयंपाकघराची भिंत, फ्रिज आणि लोखंडी कपाट असल्यामुळे ५ गिगाहर्ट्झचा पट्टा शेवटच्या खोलीत पोचत नाही आणि २.४ गिगाहर्ट्झचा पोचला, तरी त्यावर आजूबाजूच्या सगळ्या बिऱ्हाडांची गर्दी असते. डबा आत हलवायचा, तर काचेची तार वाढवण्यासाठी कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. त्याउलट साधी कॅट ६ केबल (नेटवर्कची तांब्याची तार) १०० मीटरपर्यंत खुशाल नेता येते. म्हणून मोडेम दारापाशीच राहावा आणि वायफाय पसरवणारा स्वतःचा राउटर घराच्या मध्यावर असावा, असे माझे मत आहे.

सोनचाफा
मी असहमत आहे. सांगलीला आईबाबांकडे हाच प्रयोग करून आम्ही पस्तावलो. इंटरनेट बंद पडले, कंपनीचा माणूस आला, मोडेमवरचा हिरवा दिवा पाहून ‘आमची लाइन ओके आहे, राउटर तुमचा आहे’ एवढे बोलून तो निघून गेला. दोन डब्यांपैकी नेमका कोणता बंद करून चालू करायचा, हे चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाबांना फोनवर समजावताना माझा अर्धा तास गेला. एकच डबा असता, तर जबाबदारीही एकाचीच राहिली असती. शिवाय वीज गेल्यावर एका छोट्या यूपीएसवर काम भागते. दोन यंत्रे म्हणजे दोन अडॅप्टर आले.

तारकर्मी
अडॅप्टरचा मुद्दा वाटतो त्याहून गंभीर आहे. पुष्कळ मोडेमना १२ व्होल्ट लागतात, तर स्वस्त राउटरना ९. पिना मात्र एकमेकींत बसतात. ९ व्होल्टच्या यंत्राला १२ चा अडॅप्टर लागला, तर ते कायमचे निकामी होऊ शकते. दोन्ही व्होल्टेजची तोंडे असलेले छोटे यूपीएस मिळतात, तेच घ्यावेत.

मूळ प्रश्नाबाबत सांगायचे, तर कंपनीच्या डब्याला केबलने दुसरा राउटर जोडला म्हणजे कामे वेगळी झाली, असा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. तसे केल्यास दोन्ही यंत्रे घरातल्या उपकरणांना आपापले पत्ते (नेटवर्कवर ओळखण्याचे आकडे) वाटत बसतात आणि वरच्या डब्याला जोडलेल्या संगणकाला खालच्या राउटरवरचा प्रिंटर सापडत नाही. एक तर मोडेम ब्रिज मोडवर टाकून घ्यावा, म्हणजे तो पत्ते न वाटता नुसता संदेश पुढे देतो, आणि पीपीपीओई (नाव-पासवर्ड देऊन होणारी) जोडणी असल्यास तिचे नाव व पासवर्ड आपल्या राउटरमध्ये भरावेत, किंवा आपला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, फक्त वायफाय पसरवायला, चालवावा, म्हणजे पत्ते वाटण्याचे काम कंपनीच्या डब्याकडेच राहते. ब्रिज केल्याने घरचा कॅमेरा बाहेरून थेट उघडता येईल, या आशेवर मात्र राहू नये. बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ या टापूतला असेल, तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते आहे आणि म्हणून बाहेरून थेट तुमच्या घरापर्यंत पोचता येत नाही, हे नक्की समजावे.

आणखी एक गोष्ट म्हणजे राउटर घेताना त्याची केबल लावायची तोंडे गिगाबिटची (सेकंदाला १००० मेगाबिटची) आहेत का, हे अवश्य पाहावे. तोंड १०० मेगाबिटचे असेल, तर २०० च्या प्लॅनचे पैसे भरूनही वेग १०० च्या आतच राहतो आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

भाडेकरू_११_महिने
माझे मत पायवाट यांच्या बाजूने आहे, पण कारण वेगळे आहे. अकरा महिन्यांचा करार संपला की घर बदलते, कंपनीही बदलते आणि जुना डबा परत द्यावा लागतो. राउटर माझा असल्यामुळे वायफायचे नाव आणि पासवर्ड तेच राहतात. नव्या घरी टीव्ही, फोन, ऑफिसचा लॅपटॉप यांना काहीही सांगावे लागत नाही. भिंतीला भोक पाडायला घरमालक परवानगी देत नाहीत, म्हणून केबल पडद्याच्या दांडीवरून नेली आहे. शोभेबद्दल कृपया विचारू नये.

सोनचाफा
तारकर्मी यांची अ‍ॅक्सेस पॉइंटची रचना मला पटते, कारण तीत दुसरा डबा मेला, तरी पहिल्यावर इंटरनेट चालूच राहते. पण मग त्याला ‘वेगळे’ तरी का म्हणायचे? सूत्रे एकाच डब्याकडे राहिली, आणि माझे म्हणणे तेच होते.

पायवाट
सूत्रे कोणाच्या हाती, हाच तर माझा आक्षेप आहे. कंपनी हा डबा दुरून हाताळू शकते. गेल्या पावसाळ्यात एका रात्रीत त्याचे सॉफ्टवेअर बदलले गेले आणि मुलांच्या फोनसाठी लावलेली वेळेची मर्यादा सकाळी पुसलेली होती. मी ब्रिजच करून घेणार आहे. सांगलीच्या घरी मात्र मीदेखील तसे करणार नाही, हे मान्य करतो.

सोनचाफा
सांगलीला रविवारी जाऊन रचना बदलते. १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर आणि मोडेमवर लाल चिकटपट्टी लावीन, ९ च्या जोडीवर पिवळी. म्हणजे बाबांना फोनवर ‘लाल बंद करा’ एवढेच सांगता येईल.