खेडची लढाई निर्णायक म्हणावी का?

प्रश्न – करवीरकर
12 ऑक्टोबर 1707 रोजी भीमाकाठी खेड येथे, म्हणजे आजच्या राजगुरुनगर परिसरात, शाहू महाराजांनी महाराणी ताराबाईंच्या सैन्याचा पराभव केला. मराठ्यांच्या यादवीतील ही निर्णायक लढाई मानली जाते. असे असताना आपल्या कोल्हापूरची स्वतंत्र गादी उभी कशी राहिली? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर – भीमातीर
खेडचा निकाल लढाईला तोंड फुटण्यापूर्वीच बराचसा ठरला होता. औरंगजेबाच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र आजमशहाने शाहूंची मोगल कैदेतून सुटका केली, ती मराठ्यांत दुही माजावी या हेतूने. आणि ताराबाईंनी हा डाव ओळखून आलेली व्यक्ती तोतया असल्याचे जाहीर केले. परंतु वाटेत परसोजी भोसले, नेमाजी शिंदे यांसारखे सरदार शाहूंना मिळाल्यावर तो दावा टिकणे कठीण झाले. हा खरोखर संभाजी महाराजांचा पुत्र असेल तर त्याच्यावर शस्त्र कसे उचलावे, हा पेच ताराबाईंचे सेनापती धनाजी जाधवांपुढे होता. बाळाजी विश्वनाथांनी त्यांचे मन वळवले. ऐन लढाईत धनाजी बाजूला राहिले आणि एकाकी पडलेल्या परशुरामपंत प्रतिनिधींना साताऱ्याकडे माघार घ्यावी लागली. पुढे सातारा पडला आणि 12 जानेवारी 1708 रोजी तेथे शाहूंचा राज्याभिषेक झाला.

उत्तर – रांगणावाट
वरील माहिती योग्य आहे, मात्र मूळ प्रश्नाचे उत्तर माझ्या मते आपल्या भुदरगड तालुक्यातल्या रांगणा किल्ल्यावर आहे. शाहूंनी 1708 मध्ये पन्हाळाही घेतला, तेव्हा ताराबाई रांगण्यावर गेल्या. तेथे वेढा पडल्यावर त्या निसटून सिंधुदुर्गाकडे उतरल्या. रांगण्याचा पाऊस ज्याने पाहिला आहे, त्याला त्या मुलखात पावसाळ्यात वेढा चालवणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. शाहूंना वेढा उठवावा लागला. राणी हाती लागली नाही, म्हणून मोहीम अपुरी राहिली. ताराबाईंनी पन्हाळा परत मिळवला आणि तेथून करवीरचे राज्य उभे केले. खेडने साताऱ्याची गादी कोणाची हे ठरवले, संपूर्ण राज्य कोणाचे हे नाही. अनेक सरदार पाठ फिरवत असताना या स्त्रीने दाखवलेल्या जिद्दीला आपण आजही पुरेसा मान देत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

उत्तर – करवीरकर
दोघांचेही आभार. म्हणजे यादवी प्रत्यक्षात 1731 च्या वारणेच्या तहापर्यंत चालली, असे म्हणता येईल का?

उत्तर – भीमातीर
होय, परंतु तोवर कोल्हापुरातच सत्तांतर झाले होते. 1714 मध्ये ताराबाईंच्या सवत राजसबाईंनी त्यांना कैदेत टाकून आपल्या पुत्रास, दुसऱ्या संभाजीस, गादीवर बसवले; शाहूंचा तह झाला तो या संभाजींशी, आणि त्यात वारणेच्या दक्षिणेकडील मुलूख करवीरकरांचा म्हणून मान्य झाला.