जीनोम एडिटिंग : 'सुधारणा', 'फेरफार' की 'संपादन'?

मृद्गंध :
एका मुक्त ज्ञानकोशातला जीनोम एडिटिंगवरचा मराठी लेख आम्ही काही जण मिळून नीट करतोय. (जीनोम म्हणजे सजीवाचा सगळा जनुकसंच.) पहिल्याच वाक्यावर घोडं अडलंय. जुन्या लेखात होतं, 'सजीवांच्या जनुकांमध्ये सुधारणा करण्याचे तंत्र'. एकाने ते खोडून 'जनुकांमध्ये फेरफार करण्याचे तंत्र' केलं, दुसऱ्याने पुन्हा 'सुधारणा' आणली. माझ्या मते दोन्ही शब्द आधीच निकाल देऊन टाकतात. 'सुधारणा' म्हटलं की भलंच झालं, 'फेरफार' म्हटलं की काहीतरी काळंबेरं. ज्ञानकोशाने निकाल द्यायचा नसतो. काय केलं, कोणी केलं, कोणाचा कशाला आक्षेप आहे, हे नावानिशी सांगायचं असतं. मी 'जीनोम संपादन' सुचवलं, तर 'हे हिंदीतून उचललंय, मराठीत संपादन वर्तमानपत्राचं असतं' असं उत्तर आलं. तुम्ही काय लिहाल?

तत्सम :
हिंदीतून उचलण्याचा प्रश्नच नाही, शब्द संस्कृत आहे आणि मराठीत मुरलेला आहे. पण अर्थ बघा. सम् + पद्, त्याचं प्रयोजक रूप. पार पाडणे, मिळवणे हा मूळ अर्थ. म्हणून आपण भूसंपादन म्हणतो, विश्वास संपादन करतो. मजकुरावर हात फिरवणे हा अर्थ छापखान्यांनंतरचा. 'जीनोम संपादन' वाचून एखाद्याला जीनोम ताब्यात घेतला असं वाटलं तर त्याचा दोष नाही. मी 'जनुकसंच-संस्करण' लिहीन.

मृद्गंध :
'संस्करण' म्हणजे शुद्ध करणं, संस्कार करणं. म्हणजे मागच्या दाराने पुन्हा 'सुधारणा'च आली ना?

बांधावरचा :
ताई, 'सुधारित'ची अडचण तुम्ही म्हणता त्याहून मोठी आहे. आम्ही अकोल्याकडचे. कृषी सेवा केंद्रात गेलं का दोन शब्द ऐकू येतात : सुधारित वाण आणि संकरित वाण. सुधारित म्हणजे सरळ वाण. त्याचं बियाणं घरी राखून पुढच्या साली पेरता येते. संकरित दरसाल विकत घ्या लागते. हा आमच्यासाठी पैशाचा फरक आहे. आता पेपरवाले बीटी कपाशीला 'जनुकीय सुधारित' लिहितात आणि ती कपाशी आहे संकरित. वाचणारानं काय समजावं? 2019 साली आमच्या अकोट तालुक्यात अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं बंदी असलेलं, तणनाशक सहन करणारं एचटीबीटी बियाणं उघड पेरलं, तेव्हा तर एकाच बातमीत 'सुधारित', 'परावर्तित' आणि 'अवैध' असे तीन शब्द मी वाचले. कपाशी एकच.

मृद्गंध :
हे सोनं आहे. 'सुधारित' हा शेतीत पारिभाषिक शब्द आहे, हा मुद्दा लेखाच्या चर्चापानावर टाकते.

नमुना_सहा :
'फेरफार'ला काळंबेरं म्हणणं मला मान्य नाही. हयात महसूल खात्यात गेली. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार नोंदवही. बाप वारला, वारसांची नावं लागली, की फेरफार. जमीन विकली, बोजा चढला, की फेरफार. नोटीस निघते, हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात, मग नोंद प्रमाणित होते. यात लबाडी कुठे आली? आणि एक गंमत बघा, या नोंदीला इंग्रजी कागदात 'म्युटेशन' म्हणतात. जीवशास्त्रातही म्युटेशनच! तिथे मात्र पाठ्यपुस्तकवाल्यांनी 'उत्परिवर्तन' घडवलं, जे पोरांना धड उच्चारता येत नाही. खेड्यातल्या माणसाला 'जनुकातला फेरफार' आपोआप कळतो.

तत्सम :
शब्दाचं मूळ निर्दोष असेल, पण आज 'निकालात फेरफार', 'मीटरमध्ये फेरफार' हेच कानावर येतं. वापराने शब्द डागाळतो.

नमुना_सहा :
म्हणजे 'संपादन'ला मूळ अर्थ लावायचा आणि 'फेरफार'ला चालू अर्थ. एक काहीतरी ठरवा.

पेशीभिंत :
प्रयोगशाळेत काम करते म्हणून लिहिते. आम्ही आपसात 'एडिटिंग'च म्हणतो, 'जीन एडिट केला' म्हणतो. नावापेक्षा मला पुढच्या वाक्यांची काळजी जास्त आहे. जवळपास प्रत्येक मराठी लेखात क्रिस्परला, म्हणजे जीनोम एडिटिंगच्या सगळ्यात गाजलेल्या पद्धतीला, 'जनुकीय कात्री' म्हटलेलं असतं. डाउडना आणि शार्पेंतिए या शास्त्रज्ञांच्या 2012 च्या कॅस-9 ला ते शोभतं, कारण ते प्रथिन डीएनएचे दोन्ही धागे कापतं आणि पेशी तो तुटका भाग आपल्या पद्धतीने सांधते. पण 2016 पासून बेस एडिटिंग आहे. त्यात दोन्ही धागे कापले जात नाहीत, डीएनएच्या एका अक्षराचं रसायनच बदललं जातं. त्याला कात्री म्हणणं चूक आहे.

दुसरं, उंदरांचं प्रकरण. मे 2017 मध्ये 'नेचर मेथड्स'मध्ये निबंध आला की क्रिस्परने उंदरांत नको तिथे शेकडो बदल होतात. जगभर मथळे झाले. तुलनेला पुरेसे उंदीरच नव्हते अशी टीका झाली आणि मार्च 2018 मध्ये निबंध मागे घेतला गेला. तो खरा धरून लिहिलेलं वाक्य आपल्या लेखात असेल तर आजच काढा. पण म्हणून 'नको तिथे बदल होतच नाहीत' असंही लिहू नका. होऊ शकतात, आणि प्रत्येक उपचारात ते तपासावेच लागतात. आरोग्याचं विधान एकट्या प्रयोगावर टेकवायचं नाही, अनेक प्रयोग एकत्र तपासणारा आढावा निबंध घ्यायचा, हा नियम पाळा.

मृद्गंध :
ते वाक्य लेखात आहे, 'संदर्भ हवा' अशी खूणही वर लावलेली नाही. काढते. आता भाताचं सांगा. 4 मे 2025 ला केंद्रीय कृषिमंत्र्यांनी दोन जीनोम-एडिटेड वाण जाहीर केले. हैदराबादच्या संस्थेचा 'कमला', सांबा मसुरीपासूनचा, आणि दिल्लीच्या संस्थेचा 'पुसा डीएसटी राइस 1'. लेखात आहे : 'कमला वाणाचे उत्पादन 19 टक्के जास्त येते'. मी बदलून 'जास्त येते, असा संस्थेचा दावा आहे' केलं. त्यावर 'दावा' हा संशय पेरणारा शब्द म्हणून हरकत आली.

पेशीभिंत :
'संस्थेच्या चाचण्यांत 19 टक्के जास्त आढळले' असं लिहा. कोणाच्या चाचण्या ते कळतं, शेरा काही नाही. आणि 'कमला'त काय केलंय तेही सांगा : सायटोकायनिन हे वाढीचं संप्रेरक मोडणाऱ्या एका जनुकाचं काम थांबवलंय, त्यामुळे लोंबीत दाणे जास्त धरतात. बाहेरचं जनुक अंतिम रोपात नाही. म्हणून 30 मार्च 2022 च्या केंद्राच्या आदेशाने असे वाण जीएम, म्हणजे जनुकीय परिवर्तित पिकांसाठीच्या नियमांतल्या मुख्य परवानग्यांतून वगळले. जीएम-मुक्त भारतासाठी काम करणाऱ्या गटांचं म्हणणं असं की ही सूटच चूक आहे आणि हेही जीएमच. दोन्ही बाजू लिहा, पण रोपात काय बदललं ही गोष्ट जीवशास्त्राची आहे आणि सूट द्यावी का ही नियमांची, ती एका वाक्यात कालवू नका.

नमुना_सहा :
'दावा' हा तर दिवाणी कोर्टातला शब्द. दावा लावला म्हणजे खोटा लावला असं कोणी म्हणत नाही.

रानपाखरू :
गडचिरोलीकडे आरोग्यसेवेत आहे. तुमचं भात-कपाशीचं चालू द्या, पण याच लेखात खाली लिहिलंय, 'या तंत्राने सिकलसेल बरा होतो'. सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या होणारा रक्ताचा आनुवंशिक आजार. एक आई मोबाइलवर तेवढी ओळ काढून माझ्यापुढे बसली. 'सिस्टर, हे इंजेक्शन कुठं भेटते?' पोरगा एस-एस, म्हणजे आई-बाप दोघांकडून दोष आलेला, दर पावसाळ्यात सांधे धरतात. तिला मी काय सांगू? 2023 च्या नोव्हेंबरात ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेव्ही या सिकलसेलवरच्या उपचाराला मान्यता दिली, हे खरं. पण रुग्णाच्याच, रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी काढतात, बाहेर एडिट करतात, मग जोरदार केमोथेरपी देऊन हाडांतली जुनी अस्थिमज्जा मोकळी करतात आणि त्या पेशी परत घालतात. अमेरिकेतली किंमत 22 लाख डॉलर. 'बरा होतो' या दोन शब्दांत यातलं काहीच येत नाही. अहो, आमची माणसं ही ओळ वाचून आशेवर बसतात.

मृद्गंध :
रानपाखरू, ती ओळ मी आत्ताच बदलली. 'काही रुग्णांत तीव्र वेदनेचे झटके थांबल्याचे चाचण्यांत आढळले' असं केलंय आणि पुढे प्रक्रिया, केमोथेरपी, किंमत हे सगळं. बघून सांगाल?

रानपाखरू :
बघते. 'झटके'ऐवजी 'क्रायसिस' कंसाबाहेर लिहा, आमच्याकडे पेशंट तोच शब्द बोलतात. रात्री 'क्रायसिस आला' म्हणूनच फोन येतो.

तत्सम :
इंग्रजी नाव जसंच्या तसं घेण्यापेक्षा 'विळापेशी आजार' का नको?

रानपाखरू :
कार्डावर 'सिकलसेल' छापलेलं आहे. तपासणीला बोलावताना मी 'विळापेशी' म्हटलं तर कोणी यायचं नाही.

तत्सम :
सवय करावी लागते. 'गुणसूत्र' हा शब्दही घडवलेलाच आहे, आज शाळेतलं पोर तो सहज बोलतं.

बांधावरचा :
घडवा ना, पण ज्याच्या कामाचा आहे त्याले विचारून घडवा.

पेशीभिंत :
मूळ प्रश्नावर माझं मत 'जीनोम एडिटिंग'ला. पहिल्यांदा येईल तिथे 'जीनोममध्ये ठरलेल्या जागी बदल करण्याचे तंत्र' अशी फोड द्या. 'बदल' चांगलाही नाही, वाईटही नाही.

नमुना_सहा :
'जीनोममध्ये' की 'जीनोमात'? स्टेशनात, बँकेत, कोर्टात म्हणतो आपण. सामान्यरूप झालंच पाहिजे.

पेशीभिंत :
'जीनोमात' कोणी बोलत नाही.

तत्सम :
इथे मी नमुना_सहा यांच्याशी सहमत आहे. शब्द बाहेरचा घेतला तरी विभक्ती आपली लागते. जीनोमाचा, जीनोमात. आणि 'जीन एडिट केला' हा पुल्लिंगी प्रयोगही तपासा, 'जनुक' तर नपुंसकलिंगी आहे : ते जनुक, ती जनुके.

मृद्गंध :
लेखात 'जनुक' तिन्ही लिंगांत सापडलंय. ते एकसारखं करून घेते. 'संपादन' की 'एडिटिंग' यावर चर्चापानावर कौल मागितलाय, तिथे येऊन लिहा.

बांधावरचा :
ताई, 'कमला'चं बियाणं राखून पेरता येते का, हेही टाका लेखात. आमच्या भंडारा-गोंदियाच्या सोयऱ्यायले तेच पाहिजे.

नमुना_सहा :
'बँकेत' चालतं आणि 'जीनोमात' चालत नाही, याला नियम काय, ते कोणीतरी सांगा.